लेव्हल एक मिळाली. पण हॉटेलातल्या पोराला "आज मला ताप आहे" म्हणता येईल का?



सोमवार, ७ जून २०२१ ला आपल्या गोंदियातली हॉटेलं पुन्हा उघडली. सकाळी साडेसातला बाजारात चक्कर मारली तर दोन महिन्यांनी भट्टी पेटलेली दिसली, कढईत आलुबोंडे पडत होते, बाकावर माणसं बसली होती. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. पोह्यावर तर्री घेतली, वरून एक कट चहा मारला आणि मगच बातमीच्या कामाला लागलो.

म्हणून आधीच सांगतो, ही पोस्ट हॉटेलं उघडू नका म्हणणारी नाही. उघडायलाच पाहिजेत. चौदा महिन्यांत या धंद्याने जे सोसलं ते मी रोज डोळ्याने पाहिलं आहे. पण उघडताना एक गोष्ट आपण पुन्हा विसरतोय असं मला वाटते. ती बोलायची आहे. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी हे "लेव्हल" काय प्रकरण आहे ते थोडक्यात, कारण त्या दिवशी चार जणांनी चार वेगळे अर्थ सांगितले. ३ जूनला मंत्र्यांनी जिल्ह्यांची यादी जाहीर केली, त्याच संध्याकाळी सरकारकडून खुलासा आला की अजून काही ठरलेलं नाही, आणि मग ४ तारखेच्या रात्री आदेश निघाला. त्यात पाच स्तर होते. आठवड्याचा पॉझिटिव्हिटी रेट ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असतील तर तो जिल्हा पहिल्या स्तरात. तिथे हॉटेल-रेस्टॉरंट नेहमीसारखी. दुसऱ्या स्तरात निम्म्या खुर्च्या. तिसऱ्यात निम्म्या खुर्च्या आणि तेही सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ पर्यंत, त्यानंतर पार्सल. चौथ्यात फक्त पार्सल आणि घरपोच. पाचव्यात फक्त घरपोच.

तेव्हा आपण आणि नागपूर पहिल्या स्तरात होतो. मुंबई तिसऱ्यात, कोल्हापूर चौथ्यात होतं. त्यामुळे त्या दिवशी दिवसभर व्हॉट्सॲपवर "गोंदिया नंबर वन" सुरू होतं. पण हा निकाल कायमचा नव्हता. दर गुरुवारी आरोग्य विभाग आकडे देणार होता आणि त्यावरून पुढच्या सोमवारचा स्तर ठरणार होता. म्हणजे आपल्याला मिळाला होता तो आठवड्याचा पास. बसच्या पाससारखाच, नूतनीकरण नाही झालं तर खाली उतरा.

आता मागचं आठवा. हॉटेलं उघडण्याची ही आपली पहिली वेळ नाही. मार्च २०२० ला बंद झाली आणि राज्यात ५ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या क्षमतेने उघडली. तेव्हाही सोमवारच होता. नियमावली आली होती. दारात ताप मोजा, सॅनिटायझर ठेवा, टेबलांमध्ये एक मीटर अंतर ठेवा, येणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या, शिजवलेलंच द्या, कच्चं सॅलड टाळा.

पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी पाळलं. दिवाळीपर्यंत रजिस्टरमध्ये एकाच पेनने, एकाच अक्षरात दहा नावं दिसू लागली. संक्रांतीपर्यंत ताप मोजायच्या मशीनचे सेल संपले आणि ती गल्ल्यावर अगरबत्तीच्या बाजूला जाऊन बसली. सॅनिटायझरच्या बाटलीत काय होतं ते वासावरूनच कळत होतं. यात मी कोणा एकाला दोष देत नाही. आपण गिऱ्हाईकसुद्धा "काय राजेहो, रोजचा माणूस हाय मी, माझा काय ताप मोजता" म्हणत आत शिरत होतो.

पण त्या नियमावलीत दारातून आत येणाऱ्या माणसाकडेच जास्त लक्ष होतं. आत जो दिवसभर उभा आहे, त्याला बरं नसलं तर त्याने काय करायचं आणि त्याच्या पैशाचं काय, हे कोणी विचारलं नाही.

मार्चमधली एक गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, हॉटेलचंही नाही. मी रोज जिथे चहा घेतो तिथे एक पोरगा होता, वीस-एकवीसचा, गावाकडून आलेला. त्या दिवशी चहा ठेवताना खोकत होता. मास्क हनुवटीवर. मी म्हटलं, "काऊन रे, बरं नाही का?" तो म्हणाला, "काही नाही भाऊ, सर्दी हाय. गोळी घेतली सकाळी." मी म्हटलं, "मग घरी जा ना." तो हसला. म्हणाला, "घरी गेलो तर रोजी कोण देईल भाऊ?"

मी चहा प्यायलो, पैसे दिले आणि निघालो. पत्रकार म्हणून वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारतो आहे. त्या दिवशी त्याने मला विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते शोधायचीही तसदी घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात हॉटेल बंद. पोरगा पॉझिटिव्ह, मालक पॉझिटिव्ह, कारागीर पॉझिटिव्ह. पोरगा आठ-दहा दिवसांत उठून बसला. मालक वाचले. कारागीर पन्नाशीचा होता, साखरेचा आजार होता. एप्रिल महिना कसा होता ते तुम्हाला सांगायला नको. बेडसाठी, सिलिंडरसाठी, रेमडेसिवीरसाठी आपण सगळेच धावलो. कारागीर परत आला नाही.

कोणाकडून कोणाला गेला हे कोणीही सांगू शकत नाही. पोरानेच आणला असं मी म्हणणार नाही. कदाचित माझ्यासारख्या एखाद्या गिऱ्हाइकाने नेऊन दिला असेल. पण एवढं नक्की की त्या दिवशी तो पोरगा घरी असायला पाहिजे होता, त्यालाही ते माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि ३५० रुपयांपायी तो घरी नव्हता. गोळी घेतली होती म्हणून ताप मोजायच्या मशीनने त्याला पकडलंही नसतं.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात असं की ज्या हॉटेलात पोराला "आज मला ताप आहे" असं रोजी न गमावता म्हणता येते, ते हॉटेल सुरक्षित. बाकी सगळं त्यानंतर.

आता कोणी म्हणेल, कामगारांसाठी कायदे आहेत ना. आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता आहे. पण २०२१ मध्ये रजेच्या कायद्याचं दार उघडत होतं ते १० कामगारांपासून, आणि विम्याचंही छोट्या हॉटेलासाठी नव्हतं. आपल्या बाजारातल्या हॉटेलात किती असतात? एक कारागीर, एक त्याचा हाताखालचा, दोन वाढणारे, एक भांडीवाली बाई. झाले पाच. कायदा दहावर सुरू होत होता आणि आपलं हॉटेल पाचावर संपत होतं.

एप्रिलमध्ये निर्बंध लावताना राज्य सरकारने मदत जाहीर केली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले, रिक्षावाले यांना १,५०० रुपये. चांगलंच केलं. पण त्या यादीत हॉटेलातला कामगार नव्हता. दोन महिने ज्याचं कामच बंद होतं, तो कुठल्याच यादीत बसला नाही. असा माणूस ७ जूनपासून कामावर आला. दोन महिन्यांची उधारी डोक्यावर घेऊन. त्याला उद्या ताप आला तर तो सांगेल असं वाटते तुम्हाला?

आणि लसीचं म्हणाल तर वाढणारे बहुतेक पोरं १८ ते ४४ मधले. त्यांचं लसीकरण राज्यात १ मे ला सुरू झालं आणि लस नाही म्हणून १२ मे ला थांबलं. ७ जूनच्या संध्याकाळी पंतप्रधानांनी जाहीर केलं की २१ जूनपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना केंद्र मोफत लस देणार. स्वागत आहे. पण तेव्हा तुमच्यासमोर प्लेट ठेवणाऱ्या पोराला एकही डोस मिळालेला नसण्याची शक्यताच जास्त होती, आणि हॉटेलं मात्र पूर्ण क्षमतेने सुरू होती. मधले ते आठवडेच धोक्याचे होते.

दुसरा मुद्दा हवेचा. वर्षभर आपण टेबलं पुसली. पुसायलाच पाहिजेत, कोरोना नसता तरी. पण हा आजार मुख्यतः हवेतून जातो हे आता सरकारही सांगते. २० मे ला केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूचना काढल्या. त्यात आहे की बोलताना-खोकताना उडणारे थेंब २ मीटरच्या आत पडतात, पण बारीक कण हवेत १० मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून खिडक्या-दारं उघडी ठेवा, एक्झॉस्ट लावा.

याचं एक उदाहरण हॉटेलातलंच आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात २४ जानेवारी २०२० ला एका रेस्टॉरंटात तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर दुपारी जेवायला बसली. त्या मजल्याला खिडकी नव्हती, एसी सुरू होता, टेबलांमध्ये साधारण एक मीटर अंतर होतं. एका कुटुंबातला एक माणूस बाधित होता. पुढच्या काही दिवसांत तिन्ही कुटुंबांतले मिळून १० जण बाधित निघाले. त्या मजल्यावरच्या बाकी ७३ गिऱ्हाइकांना काही झालं नाही. अभ्यास करणाऱ्यांनी दोष दिला तो एसीच्या हवेच्या झोताला, जो त्या तीन टेबलांवर गोल गोल फिरत होता. एक मीटर अंतर तिथेही होतं. आपल्या नियमावलीतही तेच होतं.

आता आपल्या गावाचा विचार करा. आपली नाश्त्याची हॉटेलं समोरून उघडी, शटर वर, भट्टी रस्त्याकडे. हवेच्या बाबतीत ती भारीतल्या रेस्टॉरंटपेक्षा बरी. खिडकीत लावलेला आपला विदर्भाचा कूलरसुद्धा बाहेरची हवा आत घेतो, दुसरीकडचं दार उघडं असेल तर खोलीतली हवा बदलते. एसी मात्र आतलीच हवा थंड करून पुन्हा आत सोडतो. म्हणून काचेचं दार लावलेल्या, पडदे टाकलेल्या "फॅमिली रूम"ची मला जास्त भीती वाटते. तिथे माणूस तास-दीड तास बसतो, मास्क नसतो, हसणं-बोलणं मोठ्याने.

आणि तेव्हा पावसाळा लागत होता. पाऊस आला की आपले हॉटेलवाले काय करतात? समोर ताडपत्री सोडतात, अगदी खालपर्यंत, दोन्ही बाजूंनी बांधून. झालं, उघडं हॉटेल पाच मिनिटांत बंद डबा. राजेहो, ताडपत्री सोडा, पण एक बाजू मोकळी ठेवा. मागच्या भिंतीत एक एक्झॉस्ट पंखा बसवा. टेबलं दोन कमी करा. सरकारने सगळ्या खुर्च्या भरायला परवानगी दिली म्हणजे सगळ्या भरल्याच पाहिजेत असा काही हुकूम नाही.

देवरीकडच्या महामार्गावरच्या ढाब्यांचं आणखी वेगळं आहे. बसायला खाटा उघड्यावर, हवा भरपूर, गिऱ्हाइकाला धोका कमी. पण काम करणारे सात-आठ जण रात्री मागच्या एका खोलीत झोपतात. एकाला झाला की सकाळपर्यंत सगळ्यांना. तिथे ताप असलेल्याला वेगळं झोपायला एक जागा, एवढी एक गोष्ट केली तरी अर्धं काम होते.

आता पैशाचा प्रश्न. त्या दिवशी एका मालकाशी बोललो. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही लिहून मोकळे होता. दोन महिन्यांचं भाडं थकलं, लाईटबिल थकलं, मी पोरांना बसून रोजी कुठून देऊ?" चूक नाही त्यांची. याच माणसाने पहिल्या लॉकडाऊनमध्ये कामगारांना तांदूळ-डाळ भरून दिली होती, हे मी पाहिलं आहे. म्हणून त्यांच्यासमोर बसून कागदावर हिशेब केला. तोच इथे देतो.

रोजी ३५० धरा. पॉझिटिव्ह आल्यावर घरी राहायचं म्हणजे लक्षणं सुरू झाल्यापासून किमान १० दिवस, आणि शेवटचे ३ दिवस ताप नको, असा तेव्हा, २०२१ मध्ये, नियम होता. १० दिवसांचे झाले ३,५००. पूर्ण जमत नसेल तर अर्धी रोजी द्या, १,७५०. आता उलटं धरा. तो पोरगा ताप लपवून आला, सगळे आजारी पडले, हॉटेल १० दिवस बंद. भाडं चालूच, दूधवाल्याचा रतीब तुटला, गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात गेलं, आणि गावभर झालं की "तिथे कोरोना निघाला". यात ३,५०० पेक्षा कमी जातात का? मालकांनीच मान हलवली.

एकट्याला जड जाते तर मिळून करा. एका भागातल्या २० हॉटेलांनी महिन्याला ५०० रुपये बाजूला काढले तर १०,००० जमतात. अर्ध्या रोजीच्या हिशेबाने महिन्याला पाच आजारी पोरांची सोय होते. ५०० रुपये म्हणजे दिवसाला १७ रुपये. नाश्त्याच्या एका प्लेटचीही किंमत नाही. गणपतीची वर्गणी आपण यापेक्षा जास्त देतो.

आणि प्रत्येक ताप कोरोना नसतो. पावसाळ्यात आपल्या सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव भागात मलेरिया असतोच. पोरगा सांगेल, सरकारी केंद्रावर मोफत चाचणी होईल, कोरोना नाही निघाला तर डॉक्टरांना विचारून परत येईल. पण हे सगळं कधी, त्याने सांगितलं तर. आणि सांगेल कधी, त्याला रोजीची भीती नसेल तर.

प्रशासनाकडे तेव्हा तीन मागण्या होत्या, फार मोठ्या नाहीत.

पहिली. २१ जूननंतर लस आली की हॉटेल कामगारांसाठी वेगळं शिबिर घ्या, बाजारातच, दुपारी ३ ते ५ मध्ये. नाश्ता संपून संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधीचा तोच एक वेळ त्यांना मोकळा असतो. सकाळी १० ला रांगेत या म्हणाल तर कोणी येणार नाही, कारण पुन्हा तीच रोजी. आणि पोरगा बालाघाटकडचा असला तरी त्याला परत पाठवू नका. तो प्लेट तर गोंदियातच वाढतो.

दुसरी. तपासणीचं पथक येते तेव्हा मास्कची पावती फाडण्यासोबत दोन प्रश्न विचारा. या खोलीची हवा कुठून बाहेर जाते? मागच्या महिन्यात कोणी आजारी पडलं तर त्याला काय दिलं? दंड नका करू, नुसतं विचारा. साहेबांनी विचारलेल्या प्रश्नात पण ताकद असते.

तिसरी. नगर परिषदेच्या गाळ्यात जे हॉटेलवाले आहेत, त्यांच्या बंद काळातल्या भाड्याचा विचार करा. मालकाच्या गळ्याचा फास थोडा सैल झाला तर तो कामगाराला सांभाळेल. उपाशी मालकाकडून पगारी रजेची अपेक्षा करायला मलाही लाज वाटते.

आणि आपण गिऱ्हाईक? आपलंही काही आहे. स्वतःला कणकण असेल तर पार्सल मागवा, जाऊन बसू नका. प्लेट समोर येईपर्यंत मास्क वर ठेवा. खाऊन झालं की उठा, गप्पा बाहेर झाडाखाली करा. ओळखीचा पोरगा दोन दिवस दिसला नाही तर "कुठे मेला तो?" असं मालकाला ओरडून विचारू नका. त्या आवाजामुळेच पोरं ताप घेऊन कामावर येतात. हे मी स्वतःलाही सांगतो आहे, कारण मी पण असं विचारलेलं आहे.

गुरुवारी आकडे येणार होते. आपला पास पुढच्या आठवड्यासाठी चालेल अशी आशा होती. पण आकडा ५ च्या खाली राहिला तरी तो आकडा आपण झोपेतून उठून आपोआप खाली राहणार नाही. तो कुठल्यातरी हॉटेलात, कुठल्यातरी पोराने सकाळी सहाला मालकाला फोन करून "आज येत नाही, अंग तापलं" म्हटल्यामुळे राहील.

त्या दिवशी जिथे चहा घेतला तिथे नवीन पोरगा होता, आणि कारागीरही नवीन. निघताना मालकांना विचारलं, "याला ताप आला तर?" ते जरा वेळ गप्प राहिले. मग पोराकडे पाहून म्हणाले, "ऐक रे, बरं नसलं तर सांगजो. अर्धी रोजी देईन मी." पोराने माझ्याकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं, आणि कप उचलून आत गेला. त्याला खरं वाटलं की नाही, माहीत नाही. पण कोणीतरी त्याच्यासमोर ते बोललं.

तुम्ही जिथे रोज नाश्ता करता, तिथे उद्या हाच एक प्रश्न विचारा. काय उत्तर मिळालं ते मला खाली लिहून कळवा. ज्या मालकांनी "हो" म्हटलं त्यांची नावं, त्यांची परवानगी घेऊन, मी आनंदाने इथे छापीन.